कन्सोलवरचं व्हिनाइल आणि खानदेशचं ऊन

जळगावात गाडीच्या आतल्या भागाला नवं रूप द्यायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "रेडियमवाल्याकडे जा." नंबर प्लेटवरची अक्षरं, ट्रकच्या पाठीवरचा 'आई-वडिलांचा आशीर्वाद', दुकानाच्या काचेवरचं नाव आणि गिअरभोवती चढवलेलं कार्बन फायबरच्या छापाचं आवरण, या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, रेडियम. क्युरी पती-पत्नींनी १८९८ मध्ये शोधलेल्या त्या मूलद्रव्याचा यात कणही नसतो. रस्त्यावर दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात, आणि कन्सोलवर चढतं ते व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा. शब्दाचा हा घोळ साधा वाटतो. पण एकाच नावामुळे माल एकच असं वाटू लागतं, आणि नंबर प्लेटचा उरलेला तुकडा कन्सोलवर लावला जातो. घरी केलेलं काम बिघडण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते.

पीव्हीसी जळगावकराला परकं नाही. भवरलाल जैन यांच्या कारखान्यातले पाइप १९८० च्या दशकापासून इथल्या केळीच्या बागांत पोहोचले, आणि आज जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा संसार या धंद्यावर चालतो. तो कडक पाइप आणि ही मऊ फिल्म एकाच रसायनाची. फरक आहे तो मऊपणा आणणाऱ्या द्रव्याचा, म्हणजे प्लास्टिसायझरचा. वॉल्डो सेमन या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९२६ मध्ये पीव्हीसी असं मऊ करण्याची युक्ती शोधली. हे द्रव्य फिल्ममध्ये कायमचं बांधलेलं नसतं. उष्णतेने ते हळूहळू बाहेर पडतं, फिल्म कडक होते, आखडते आणि कोपऱ्यातून उठते. खानदेशात ही गोष्ट पुण्या-नाशिकपेक्षा लवकर घडते, म्हणून फिल्म कोणती घ्यायची याला इथे जास्त महत्त्व आहे.

"जाड फिल्म म्हणजे टिकाऊ फिल्म" असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. व्हिनाइल दोन तऱ्हांनी बनतं. कॅलेंडर्ड फिल्म तापलेल्या रोलरांमधून दाबून, ताणून काढतात. कास्ट फिल्म पातळ द्रवासारखी पसरवून भट्टीत सुकवतात. पहिली लाटलेल्या पोळीसारखी आणि दुसरी तव्यावर पसरलेल्या धिरड्यासारखी, हे ध्यानात ठेवलं तरी पुरे. मैद्याची पोळी लाटून बाजूला ठेवली की आखडते, कारण लाटतानाचा ताण तिच्यात शिल्लक असतो. कॅलेंडर्ड फिल्मचंही तसंच आहे. तापल्यावर ती मूळ आकाराकडे ओढ घेते. धिरड्यात ताणच नसतो, म्हणून कास्ट फिल्म खळग्यात, वळणावर निवांत बसते. कास्ट फिल्म साधारण ५० मायक्रॉन जाडीची असते, कॅलेंडर्ड बहुधा ७० ते १०० मायक्रॉनची. सपाट पाटीला, दुकानाच्या फलकाला कॅलेंडर्ड उत्तम. गिअरभोवतीच्या चौकटीला, कपहोल्डरच्या ओठाला कास्टच हवी. रोल साधारण १.५२ मीटर रुंदीचा असतो आणि एका कन्सोलला त्यातला लहान तुकडा लागतो, त्यामुळे इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आता उन्हाकडे येतो, कारण माझं पहिलं काम उन्हानेच वाया गेलं. मेच्या सुट्टीत, पिंप्राळ्यातल्या घरासमोर, दुपारी. "ऊन जितकं कडक तितकी फिल्म घट्ट बसते" हे मी ऐकलं होतं आणि मला ते पटलंही होतं. चिकटवणाऱ्या थराला थोडी ऊब आणि दाब लागतो, हे खरंच आहे. पण फिल्म लावण्यासाठी हवा आणि पृष्ठभाग साधारण १५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावा लागतो. त्याहून तापलेल्या प्लास्टिकला गोंद पहिल्या स्पर्शातच धरतो. तुकडा तिरका बसला तर उचलून पुन्हा लावायची सोय राहत नाही. शिवाय गरम फिल्म इतकी मऊ होते की हाताला कळायच्या आत ताणली जाते, आणि गार झाली की ताणलेली जागा मागे सरकते. माझ्या त्या कामाच्या कडा पंधरा दिवसांत उघड्या पडल्या.

बंद गाडी आतून किती तापते याचा आपला अंदाज नेहमी कमीच असतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात, कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत, स्टिअरिंग ५३ अंशांपर्यंत आणि सीट ५१ अंशांपर्यंत तापल्या. सावलीतल्या गाड्यांचे डॅशबोर्ड ४८ अंशांच्या आसपास राहिले. जळगाव आणि भुसावळला मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा आपल्या गाड्यांची गत याहून वेगळी नसणार. दोन सीटमधलं कन्सोल काचेखालच्या डॅशबोर्डइतकं तापत नाही, आणि ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. म्हणूनच घरी हात बसवायचा तर कन्सोलवर बसवावा.

थंडीतही सगळे दिवस सारखे नाहीत. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो. त्या वेळी फिल्म कडक असते, वळणावर चुरगळते, आणि गोंद धरतच नाही. दुसऱ्यांदा मी देवपूरला मावशीकडे हे काम केलं, भरिताच्या वांग्यांच्या दिवसांत, सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान, बंद खोलीत. कन्सोलचे सुटे भाग घरात आणले होते. "हाई काय करी ऱ्हायना रे भाऊ?" असं मावशी विचारत होती आणि मी पंखा बंद ठेवायला सांगत होतो, कारण धुळीचा एक कण फिल्मखाली गेला की तो जन्मभर डोळ्यांत खुपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची ती दुपार हाच खानदेशात या कामाचा खरा मोसम.

आणि तरीही हवामान, फिल्म, हात सगळं जमून काम फसतं, कारण खालचं प्लास्टिक कोणतं हे पाहिलेलंच नसतं. "प्लास्टिक ते प्लास्टिक" हा मला सगळ्यात घातक गैरसमज वाटतो. जळगावची चटई आठवा. ती पॉलिप्रोपिलीनची असते, आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून पाहा. लागल्यासारखी वाटते, नखाने ओढली की अलगद सुटते. पॉलिप्रोपिलीनच्या पृष्ठभागाची ऊर्जा फार कमी असते, त्यामुळे गोंद त्यावर पसरून धरत नाही, मेण लावलेल्या पानावर पाण्याचा थेंब गोळा होतो तसा आखडून बसतो. गाड्यांच्या आतले कितीतरी भाग याच पॉलिप्रोपिलीनचे असतात. काही एबीएसचे असतात, त्यावर गोंद बरा धरतो. ओळखायचं कसं? भाग काढून उलटा करा. मागे कोनी कंसांत 'पीपी' किंवा 'एबीएस' अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. 'पीपी' नंतर 'टी-२०' दिसलं तर त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी मिसळली आहे. पीपी निघालं तर कडांना आणि खळग्यांना व्हिनाइलसाठीचा प्रायमर पातळ हाताने लावावाच लागतो. तो सगळीकडे फासू नये, नाहीतर फिल्म पुढे काढताना जीव जातो. चामड्यासारखी खरखरीत नक्षी असलेल्या भागावर प्रायमरही फार मदत करत नाही. तिथे गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो. असा भाग सोडून द्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

स्वच्छतेबद्दल तर सल्ल्यांचा सुकाळ आहे. गॅरेजमध्ये सर्रास "थिनर मार" म्हणतात. थिनरमधल्या द्रव्यांनी एबीएस विरघळतं, चमक जाते, बारीक तडे पडतात. पेट्रोल पुसल्यावर तेलकट अंश मागे राहतो, आणि बंद गाडीत त्याची वाफ हा वेगळाच धोका. कोरोनाच्या काळातली सॅनिटायझरची बाटली अजून घरात असेल, पण तीही चालत नाही. हातांची त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं, आणि ग्लिसरीनवर गोंद बसत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मग नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसावं, दुसऱ्यांदा नवं फडकं घेऊन. वर्षानुवर्षं चकाकीचं डॅशबोर्ड पॉलिश मारलेल्या गाडीत चार-पाचदाही पुसावं लागतं. त्या पॉलिशमधलं सिलिकॉन हा गोंदाचा सगळ्यात चिवट शत्रू.

ताणण्याबद्दलही एक समज पक्का बसला आहे. "ओढून-ओढून लावलं की सुरकुती राहत नाही." सुरकुती जाते, पण ताण आत राहतो. फिल्म आधी सपाट भागावर सैल ठेवावी, मधून कडेकडे रबरी पट्टीने दाबत जावं आणि खळग्यात थोडी उष्णता देऊन अंगठ्याने उतरवावी. शेवटी कडा आणि खळगे साधारण ९० अंशांपर्यंत तापवावे लागतात, म्हणजे ताणलेली फिल्म आपला मूळ आकार विसरते. हे शेवटचं तापवणं बहुतेक जण गाळतात, आणि मग गोंदाला दोष देतात. इथे हीट गन जपून वापरावी. तिच्या तोंडाशी ५०० अंशांहून जास्त तापमान असू शकतं, आणि एबीएस १०० च्या थोडं वर मऊ पडतं. हात सतत हलता हवा, एका जागी थांबता कामा नये. नवख्याने केस वाळवायच्या यंत्राने सुरुवात करावी. ते फिल्म मऊ करायला पुरतं, शेवटच्या तापवण्याला मात्र कमी पडतं. उठलेली कड फेविक्विकने बसवण्याचा मोह टाळा. तो थर कडक होतो, आजूबाजूला पांढरी राख चढते आणि ती पुढे निघत नाही.

बुडबुड्यांची भीती विनाकारण मोठी आहे. लहान बुडबुडा बारीक सुईने तिरका टोचून दाबला की संपला. पाण्याचा फवारा मारून लावायची पद्धत मात्र काचेवरची आहे. कन्सोलमध्ये बटणं आणि वायरी असतात, आणि आजच्या रॅप फिल्मच्या पाठीवर हवा निसटायला बारीक वाटा असतात, त्या कोरड्या कामासाठीच.

काही जागा अशा आहेत जिथे हौस थांबलीच पाहिजे. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती डॅशबोर्डच्या ठरावीक शिवणीतून, सेकंदाच्या काही शतांश भागात, झाकण फाडून बाहेर येते. त्या शिवणीवर फिल्म चढवली तर झाकण कसं उघडेल याची खात्री उरत नाही. एअरबॅगचं झाकण, स्टिअरिंगचा मधला भाग, धोक्याच्या दिव्यांचं बटण, यांना हात लावू नये. कन्सोलचे भाग काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी आणि काही मिनिटं थांबावं. क्लिपा उचकटायला प्लास्टिकची पट्टी वापरावी, पेचकस नको. काचेखाली चकचकीत फिल्मही नको. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर धुळ्याहून जळगावकडे सकाळी निघालात तर सूर्य समोर असतो, आणि डॅशबोर्डची चमक काचेवर उमटून समोरचा ट्रॅक्टर दिसेनासा होतो. तिथे मॅटच.

पोलीस पकडतील का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये बंदी घातली ती काचांवरच्या काळ्या फिल्मवर. बाहेरचा रंग बदलला तर त्याची नोंद आरसी पुस्तकात करावी लागते, मग तो रंगाने बदला की रॅपने. गिअरभोवतीच्या चौकटीचा रंग आरसीत लिहिलेलाच नसतो.

"एकदा लावलं की मूळ प्लास्टिक गेलं" हेही खरं नाही. केसांच्या ड्रायरने कोमट करून, कागदासारखी मागे दुमडत, सावकाश ओढली तर चांगली फिल्म सलग निघते. कडक होईपर्यंत ठेवली तर मात्र तुकड्यातुकड्यांनी निघते आणि गोंद मागे राहतो. आमच्याकडच्या उन्हात मी दर उन्हाळ्यानंतर कडा तपासतो. देवपूरला लावलेल्या कन्सोलने दोन उन्हाळे काढले आहेत. कपहोल्डरच्या आतली एक कड यंदा बोटभर उठली आहे. तिथे मी प्रायमर लावला नव्हता. मावशीकडे पुन्हा भरिताचं बोलावणं आलं की तेवढाच तुकडा कापून नवा बसवणार आहे.