विश्लेषण : प्रेक्षक रडले, मग आर्थर जाफा अस्वस्थ का?

जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिकेत आंदोलने पेटली असताना, जून २०२०च्या अखेरीस १३ संग्रहालयांनी एकच चित्रफीत ४८ तास इंटरनेटवर खुली ठेवली : आर्थर जाफा या कृष्णवर्णीय चित्रकर्मीची ‘लव्ह इज द मेसेज, द मेसेज इज डेथ’.

त्यात आहे काय?

२०१६ची ही कलाकृती जेमतेम साडेसात मिनिटांची. बरेचसे तुकडे इंटरनेटवरून आणि बातम्यांतून उचललेले. चर्चमधील बेभान नाच, खेळाडू, मार्टिन लूथर किंग, चार्ल्सटनच्या शोकसभेत भजन गाणारे बराक ओबामा. आणि पळणाऱ्या वॉल्टर स्कॉट यांच्या पाठीत गोळ्या घालणारा पोलीसही. पार्श्वभूमीला कान्ये वेस्टचे गॉस्पेल वळणाचे गाणे. जल्लोष आणि मृत्यू इतके लागोपाठ येतात की पाहणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही.

संगीतासारखा सिनेमा म्हणजे काय?

जाफा यांचा जन्म १९६०चा, मिसिसिपीतील. हॉवर्ड विद्यापीठात ते सिनेमा शिकले. ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’च्या (१९९१) छायाचित्रणासाठी त्यांना सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळाला. त्यांचा प्रश्न जुनाच : ब्लूज, जॅझमध्ये कृष्णवर्णीयांची जी ताकद दिसते, ती त्यांच्या सिनेमात का नाही? उत्तर त्यांनी गतीत शोधले. गायक सूर ओढतो, वाकवतो, तशी चित्राची गती मध्येच मंद किंवा जलद करायची. मींड ओळखणाऱ्या कानांना ही कल्पना परकी वाटू नये.

मग बिनसले कुठे?

चित्रफीत पाहून लोक डोळे पुसत बाहेर पडत. जाफांना हेच खटकू लागले. साडेसात मिनिटांत मन हलके होत असेल, तर गोऱ्या प्रेक्षकाला ती सुटका फारच स्वस्तात मिळाली. ही शंका रास्त होती. यशस्वी कलाकृतीबद्दल तिच्याच कर्त्याने ती घ्यावी, हे मात्र विरळाच.

म्हणून ‘द व्हाइट अल्बम’मध्ये (२०१८) त्यांनी रोख गोऱ्यांकडे वळवला. ओबामा ज्या शोकसभेत गायले, ती चर्चमधील हत्याकांडात मारल्या गेलेल्या धर्मोपदेशकाची होती. त्याच हत्याकांडातील मारेकऱ्याचे सीसीटीव्ही चित्रण इथे आहे. आणि जाफांच्या जिवलग गोऱ्या मित्रांचे चेहरेही. दोन्ही एकाच चित्रफितीत. २०१९मध्ये व्हेनिस बिएनालेत तिला गोल्डन लायन मिळाला.