रिकामी पुंगळी घरी का भरू नये

गोळी सुटताना काडतुसाची पितळी पुंगळी फुगून चेंबरला घट्ट बसते आणि नंतर थोडीशीच आकसते. म्हणून पुन्हा भरण्याआधी ती पोलादी डायमध्ये दाबून मापात आणतात. वंगण कमी पडले की ती डायमध्येच अडकते, जास्त झाले की पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, खळगे पडतात. खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही: खांदा गरजेपेक्षा मागे गेला, तर दर बाराला पितळ बुडाजवळ ताणले जाते आणि अखेर पुंगळी तुटते.

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज पुंगळ्या घरीच भरतात, मग अंधेरी-मुलुंडच्या परवानाधारकाने का करू नये? शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. घरी भरल्याने नेम अधिक अचूक लागतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचे प्रज्वलक मिश्रण बुडाच्या काठातच असते आणि चाप ओढताच तो काठ ठेचला जातो. ते घरी भरण्याजोगे नसतेच. नेमबाज अचूकता मिळवतात ती वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्याच रायफलीत तपासून, सर्वांत दाट गट देणारा लॉट निवडून.