शालेय स्तरावरील व्यवसाय शिक्षण : पाबळचा प्रयोग

व्यवसाय शिक्षण म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने या समजाला छेद दिला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने 'इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी' हा विषय विकसित केला. त्यात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करतात.

या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये आहेत. एक, काम केवळ सरावापुरते नसते. ते गावाच्या गरजेचे असते आणि त्याचा खर्चही विद्यार्थ्यालाच काढावा लागतो. त्यामुळे मोजमाप चुकले तर किती लोखंड वाया गेले, हे त्याला रुपयांत कळते. दोन, महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय मान्य केल्याने पुढील शिक्षणाची वाट बंद होत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची शिफारस केली. दहा दिवसांत ओळख होते. हात बसायला मात्र वर्षे लागतात. अशी तयारी असलेला विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजात आल्यावर त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर बसवल्यास ती वर्षे वाया जातात. म्हणूनच प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेबरोबर त्याचे कामही पाहिले जाणे आवश्यक आहे.