लादीवरची नक्षी आणि लादी बसवणारे हात

नव्या घरी पाहुणे आले की चहा येण्याआधी त्यांची नजर जमिनीकडे जाते. "लादी कोणती घातली? किती पेट्या लागल्या? मोरीला टाइल्स किती फुटांपर्यंत घेतल्या?" घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत जा, अंधेरीच्या चाळीत जा, नाहीतर बोरिवलीच्या पुनर्वसनाच्या इमारतीत जा, प्रश्न हेच. घराची प्रगती आपण लादीवरून मोजतो. गावी शेणाने सारवलेली जमीन होती. मुंबईत आल्यावर सिमेंटचा कोबा झाला. मग शहाबादी फरशी आली, मोझॅक आली, स्पार्टेक आली आणि आता दोन बाय दोनची व्हिट्रीफाइड. एका घराच्या तीन पिढ्यांचा इतिहास या पाच-सहा शब्दांत सांगता येतो.

ही रंगीत, नक्षीदार टाइल कुठून आली, तिच्यावरची नक्षी कोणाची आणि ती भिंतीवर चढवणारा माणूस कोण, हे मात्र आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. आज त्याविषयीच थोडे सांगावे असे आम्हाला वाटते.

माती, गारगोटी आणि आग

टाइल म्हणजे शेवटी भाजलेली माती. चिकणमाती, चिनी माती, गारगोटीची पूड आणि फेल्स्पार नावाचा खनिज दगड यांचे मिश्रण साच्यात दाबतात आणि भट्टीत हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजतात. कुंभाराचे मडकेही असेच होते. फरक झिलईचा. काचेसारखा वितळणारा पातळ थर टाइलवर चढवला की आगीत तो मातीला कायमचा चिकटतो. त्यामुळे पाणी आत मुरत नाही, तेलकट डाग ओल्या फडक्याने निघतो आणि झिलईखालचा रंग वर्षानुवर्षे टिकतो. कारखान्यात आठ तास उभे राहून घरी येणाऱ्या आणि पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या आपल्या आया-बहिणींना या एका गुणाचे मोल पुरते ठाऊक आहे.

दौलताबाद आणि बिदर

ही कला मुंबईत इंग्रजांनी आणली असा अनेकांचा समज आहे. मराठी मुलखाने ती त्याच्या फार आधी पाहिली होती. वेरूळच्या लेण्यांकडे जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. तेथला पंधराव्या शतकातला चांदमिनार एके काळी इराणी पद्धतीच्या चकचकीत टाइल्सनी मढवलेला होता. त्याच किल्ल्यात चिनी महाल आहे. चिनी मातीच्या निळ्या-पिवळ्या टाइल्समुळे त्याला ते नाव पडले, आणि थोडे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने याच महालात कैदेत ठेवले होते.

सीमेपलीकडे बिदरला महमूद गवानचा मदरसा आहे. तो १४७२ साली पूर्ण झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा मोठा भाग कोसळला. तरी उरलेल्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या टाइल्सची नक्षी आजही दिसते. पाचशे वर्षांच्या उन्हापावसात रंग टिकला, ही त्या भट्टीची आणि त्या अनाम कारागिरांची साक्ष आहे.

विलायतेहून आलेली लादी

मुंबईत टाइल्सचा बडेजाव सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये १८४० साली रिचर्ड प्रॉसर याने कोरडी मातीची भुकटी यंत्राने दाबून टाइल करण्याची युक्ती काढली. स्टोक-ऑन-ट्रेंट गावच्या मिंटन कंपनीने ती उचलून धरली आणि टाइल झपाट्याने बनू लागली. तो माल बोटीत भरून मुंबईला येऊ लागला.

भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी उघडले. तेथली नक्षीदार जमीन मिंटनची. जुन्या काळच्या अशा जमिनीच्या लादीत एक गंमत असे. नक्षी वरून रंगवलेली नसे. एका रंगाच्या मातीत खाच पाडून तीत दुसऱ्या रंगाची माती भरायची आणि मग भाजायचे. म्हणून हजारोंचे पाय घासले तरी फूल पुसत नाही. मुलांना राणीच्या बागेत न्याल तेव्हा संग्रहालय उघडे आहे का याची चौकशी करा, आणि आत गेल्यावर कपाटांबरोबर पायांखालीही पाहायला सांगा.

मुलुंड-घाटकोपरहून रोज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणारे आपले हजारो बांधव दुसऱ्या एका नमुन्याशेजारून धावत जातात. १८८८ साली पूर्ण झालेल्या या स्टेशनाच्या जुन्या तिकीटघराच्या भिंतींना मॉ आणि कंपनी या इंग्रजी कारखान्याच्या चकचकीत टाइल्स लावलेल्या आहेत. कधी पाच मिनिटे हाताशी असतील तेव्हा त्या पाहाव्यात.

अजिंठ्याचे छत

टर्मिनसच्या इमारतीवरचे बरेचसे कोरीवकाम सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे आहे. ही शाळा १८५७ सालची. तिचे एक प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे अनेक हंगाम आपले विद्यार्थी अजिंठ्याला नेले. पेस्तनजी बोमनजी आणि त्यांच्या सोबत्यांनी लेण्यांच्या अंधारात बसून भिंतीवरची आणि छतावरची चित्रे कापडावर उतरवली. लंडनला पाठवलेल्या या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ सालच्या आगीत जळाल्या. तरी ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ साली निघाला आणि अजिंठ्याची नक्षी जगापुढे गेली.

टाइल्सशी याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचे छत आठवून पाहा. भिंतींवर जातककथा आहेत, पण छत चौकोन-चौकोन आखून रंगवलेले आहे. एका चौकोनात कमळ, दुसऱ्यात फळे, तिसऱ्यात हत्ती, कुठे झुंजणारे बैल, कुठे वेलबुट्टी. प्रत्येक चौकोन स्वतःत पुरा, आणि शेजारच्याला जोडला की सगळे मिळून एक अंगण. टाइलची रचना नेमकी याच तत्त्वावर चालते. ती रंगचित्रे आहेत, भाजलेली माती नव्हे. पण पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांना चौकोनाचे गणित पुरते अवगत होते.

जे. जे. मध्ये मातीकामाची शाखाही होती. जॉर्ज टेरी यांनी तेथे झिलईची भांडी करवून घेण्यास सुरुवात केली. त्या भांड्यांवर अजिंठ्याची कमळे, माणसे आणि प्राणी उतरले. ही मुंबईची मातीची भांडी विलायतेत विकली जात आणि तेथल्या संग्रहालयांत आजही जपून ठेवली आहेत. एका बाजूने इंग्लंडची लादी मुंबईत येत होती आणि दुसऱ्या बाजूने बौद्ध लेण्यांची नक्षी मुंबईच्या मातीवर बसून इंग्लंडला जात होती. हा वारसा आपला आहे. तो पोरांना सांगितला पाहिजे.

आपल्या घरापर्यंत

परदेशी लादीला देशी उत्तर मिळाले ते १९२२ साली. स्वदेशीच्या चळवळीत सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना काढला. ही लादी सिमेंटची. ती भाजत नाहीत. रंगीत सिमेंट साच्यात घालून दाबतात आणि पाण्यात मुरवतात. जुन्या इमारतींतल्या गालिच्यासारख्या जमिनी अशाच लादीच्या आहेत. पुढे १९५८ साली एच. अँड आर. जॉन्सन कंपनी भारतात आली आणि ठाण्यात झिलईच्या टाइल्स बनू लागल्या. पांढरी, सहा बाय सहा इंचांची टाइल हळूहळू हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या आणि मग चाळीतल्या मोरीच्या भिंतीवर चढली. स्पार्टेक हे एका कंपनीचे नाव, पण मुंबईत ते जमिनीच्या टाइलचेच नाव होऊन बसले. आज देशातला बहुतांश माल गुजरातच्या मोरबी भागातून येतो.

नक्षी काढण्याची पद्धतही पालटली. आधी हाताने, मग छाप्याने, मग जाळीच्या पडद्यातून. सन २००० च्या सुमारास स्पेनमध्ये संगणकाच्या आज्ञेवर शाईचे थेंब उडवून टाइल छापणारे यंत्र आले. आता संगमरवर, सागवान, फुले, फोटो, काहीही छापता येते. म्हणूनच आपल्या दारावर तथागतांची आणि बाबासाहेबांची टाइल दिसते. ती दारावर शोभते. पण इमारतीच्या जिन्यात लोकांनी थुंकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात देवादिकांच्या टाइल्स चिकटवण्याची जी रीत पडली आहे, त्या रांगेत बुद्धाला आणि बाबासाहेबांना बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांनी आपल्याला माणूसपण दिले त्यांना थुंकीचे राखणदार करायचे? जिना स्वच्छ राहावा तो शिस्तीने.

घेताना एवढे पाहा

दहा बाय बाराच्या खोलीला दोन बाय दोनच्या ३० टाइल्स लागतात. तुटफुटीला दहा टक्के धरून ३३ घ्या. पेटीत बहुधा चार येतात, म्हणजे नऊ पेट्या. सगळ्या पेट्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना हे दुकानातच पाहा. एकाच नावाच्या दोन भट्ट्यांच्या मालात रंगाचा फरक पडतो. भिंतीची टाइल पाणी पिते, म्हणून सिमेंटने बसवण्याआधी ती भिजवतात. व्हिट्रीफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून तिला नुसते सिमेंट नीट धरत नाही. तिच्यासाठी वेगळा चिकट माल मिळतो. बसवल्यावर नाण्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती पुढे उखडणार. आणि मोरीत चकचकीत लादी नकोच. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर ती शोभा फार महागात पडते.

धूळ

आता शेवटचे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. दोरी, गुण्या, लेव्हल आणि रबरी हातोडी घेऊन उपनगरातले टॉवर ज्यांनी आतून सजवले, त्यांत आपले कितीतरी मिस्त्री आणि बिगारी आहेत. टाइल कटरने कोरडी कापली की पांढऱ्या धुळीचा ढग उठतो. त्या धुळीत गारगोटीचे अतिसूक्ष्म कण असतात. वर्षानुवर्षे ते छातीत साठले की सिलिकोसिस नावाचा रोग होतो. फुप्फुस आतून कडक होत जाते. हा रोग बरा करणारे औषध नाही. कोरडा खोकला आणि चढताना लागणारी धाप यांमुळे तो पुष्कळदा क्षयच समजला जातो, आणि हा रोग असलेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो.

उपाय साधे आहेत. कापताना टाइलवर पाण्याची धार ठेवावी. कटर खोलीत न चालवता उघड्यावर चालवावा. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. एन-९५ मास्क वापरावा. घरी आल्यावर धुळीचे कपडे झटकू नयेत, भिजवावेत, नाहीतर तीच धूळ धुणाऱ्या बाईच्या छातीत जाते. धाप लागत असेल तर डॉक्टरांना "मी टाइल्सचे काम करतो" हे आवर्जून सांगावे आणि छातीचा एक्स-रे काढावा. सिलिकोसिस हा कायद्याने भरपाईयोग्य ठरवलेला व्यावसायिक रोग आहे. ज्यांनी वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केले आहे आणि ज्यांचे वय १८ ते ६० आहे, त्यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी. नोंदणी नसेल तर आपण कोणत्या कामावर किती वर्षे होतो हे सांगणारा कागदच हाती राहत नाही.

मिंटनचे नाव पुस्तकात आहे, ग्रिफिथ्सचे आहे, सुलतानांचेही आहे. दौलताबादेत टाइल चिकटवणाऱ्याचे नाव कुठे नाही, आणि अंधेरीच्या चाळिसाव्या मजल्यावर ती बसवणाऱ्याचेही नाही. ते निदान मंडळाच्या वहीत तरी असू द्या. आणि त्याच्या मुला-मुलींपैकी कोणाचा हात चित्रकलेत चालत असेल, तर त्याला एकदा अजिंठ्याचे पहिले लेणे दाखवा आणि जे. जे. चे दार कुठे आहे तेही सांगा. बापाने लादी बसवली, पुढच्या लादीवरची नक्षी लेकीने काढावी.