कान्याला परवानगी आहे का?

ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. मध्य रेल्वेच्या या आठ स्थानकांची नावं मी डोंबिवलीत घरी बसून प्रोग्राममध्ये व्हेरिएबल म्हणून वापरून पाहिली. पायथनने आठही स्वीकारली, गो भाषेने एकही नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला वर्ग ठरवून दिलेला असतो. 'ठ', 'ळ', 'क' ही अक्षरं; काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षराला जोडून येणारी चिन्हं. युनिकोडचं ३१ क्रमांकाचं परिशिष्ट सांगतं, की नाव अक्षराने सुरू व्हावं. पुढे जोडचिन्हं आणि अंकही चालतील. २००८ साली आलेल्या पायथन ३ ने साधारण हाच नियम घेतला. म्हणून 'डोंबिवली१' चालतं, '१डोंबिवली' चालत नाही. गोला मात्र अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच मान्य. आठही नावांत एखादं तरी जोडचिन्ह आहेच, त्यामुळे सगळी बाद.

मग लोकलच्या गाड्या मोजायला 'फेऱ्या' घेतलं. यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन पहिला घेतो, दुसऱ्यावर त्या अदृश्य चिन्हापाशी चूक दाखवतो. जावास्क्रिप्ट दोन्ही घेते आणि दोन वेगळी व्हेरिएबल धरते. एकात भरलेली संख्या दुसऱ्यात शोधत बसावं लागेल.

'ॲप'मध्ये पायथनही फसतो. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून 'अ'वर चंद्र देऊन तेच लिहिलं जायचं आणि आजही लिहिलं जातं. पायथन नावं आधी प्रमाण रूपात आणून मग ताडून पाहतो. पण युनिकोड या दोन रूपांना एक मानतच नाही, त्यामुळे इथेही दोन व्हेरिएबल तयार होतात.

मराठी मुलांना पहिला प्रोग्राम मराठी नावांनी लिहिता यावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी भाषा निवडतानाच 'ठाणे', 'फेऱ्या' आणि 'ॲप' हे तीन शब्द तिच्यात चालवून पाहावेत. एकाच वर्गातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीचा कीबोर्ड वापरावा. आणि नवी भाषा घडवणाऱ्यांनी जोडचिन्हांना अक्षराइतकाच मान द्यावा, कारण ती वगळली तर ठाण्याचं 'ठण' होतं.