आळशी नाही हो, थकलंय ते!

शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून मूल आडवं होतं. खेळायला जात नाही, अभ्यासाला बसत नाही. ‘नुसता आळशी झालाय!’ असं आपण चटकन बोलून जातो. पण त्याला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला वरचेवर सूज येणारा जुनाट आजार असेल, तर मैत्रिणींनो, जरा थांबा!

हा थकवा ढोंग नव्हे. सूज अंगातली शक्ती खाते. आतड्यातून रक्त जातं, लोह अंगी लागत नाही, मग रक्त कमी होतं. रात्री २-३ वेळा शौचाला उठणाऱ्या मुलाची झोप ती काय होणार? बरं, औषधानं पोट शांत झालं तरी थकवा पुष्कळदा रेंगाळतोच.

तेव्हा डॉक्टरांना नुसता शौचाचा हिशेब देऊ नका, थकव्याचंही सांगा. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासायचं का, ते विचारा. आपल्या मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, अन् बरं वाटतंय म्हणून चालू औषध बंदही करू नका. मूल उदास, गप्प गप्प राहत असेल, तर तेही सांगाच.

शाळेत बाईंना भेटून, लागेल तेव्हा शौचालयात जायची मुभा मागून घ्या. झेपेल तेवढं खेळू द्या. अगदी घरात कोंडूनही ठेवू नका.

आणि उद्या दप्तर टाकून ते पुन्हा आडवं झालं, तर ओरडण्याआधी जवळ बसा. म्हणा, ‘‘आज फार दमलास का रे?’’