कुटुंबाच्या मोटारीस कोणतें तेल घालावें?

पाली, मांजरसुंबा, चौसाळा या बाजूच्या गांवांतून ट्रॅक्टराशेजारीं आतां कुटुंबाची लहान मोटारही उभी दिसते. ट्रॅक्टराचें तेल कोणतें व केव्हां बदलावयाचें हें आमच्या शेतकरीबंधूंस अनुभवानें ठाऊक असतें. मोटारीच्या बाबतींत मात्र दुकानदार पुढें करील तो डबा घेण्याची वहिवाट आहे. दुकानांत दोन प्रकारचे डबे असतात. एकावर ‘सिंथेटिक’ असें लिहिलेलें असतें, दुसऱ्यावर ‘सेमी-सिंथेटिक’, म्हणजे मिश्र. किंमतींत बरेंच अंतर असतें. तें अंतर द्यावें कीं नाहीं, याचा येथें विचार करूं.

एंजिनांतील तेल केवळ झीज थांबवितें असें नाहीं. तें उष्णता वाहून नेतें, आंत तयार होणारें आम्ल मारतें आणि काजळी आपल्यांत धरून ठेवितें. म्हणून तेल काळें झालें म्हणजे बिघडलें, ही समजूत चुकीची आहे. काळें होणें हें त्याचें कामच होय. तेल खरें बिघडतें तें उष्णता व हवा यांच्या योगानें. आपल्या बांधावरच्या एरंडाचें तेल पहिल्या महायुद्धांत विमानांच्या एंजिनांस वंगण म्हणून वापरीत असत. घर्षणास तें उत्तम, परंतु तापून हवेशीं मिळालें कीं चिकट राळेसारखें होतें, आणि म्हणून मोटारींतून मागें पडलें.

खनिज तेल शुद्ध करून जें साधें वंगण निघतें, त्यांत लहानमोठे सर्व तऱ्हेचे कण असतात. न निवडलेल्या बियाण्यासारखें तें असतें. त्यांतील हलका भाग उष्णतेनें उडून जातो, मेणासारखा भाग थंडींत गोठतो. सिंथेटिक तेल वायूपासून नव्यानें घडविलेलें तरी असतें, किंवा खनिज तेलावरच हायड्रोजनाची कडक प्रक्रिया करून एकसारखें केलेलें असतें. पूर्वीं पहिल्या प्रकारासच हें नांव देत. १९९९ सालीं अमेरिकेंतील जाहिरातींचे तंटे सोडविणाऱ्या मंडळानें दुसऱ्यासही तें लावण्यास हरकत नाहीं असें ठरविलें, आणि आज डब्यांत बहुधा हाच दुसरा प्रकार असतो. मिश्र तेलांत साधें व सिंथेटिक यांचें प्रमाण किती असावें याचा ठरीव नियम नाहीं. सारांश, मोठ्या अक्षरांतील नांवावरून गुणाची पुरती पारख होत नाहीं.

पारख होते ती लहान अक्षरांतील आंकड्यांवरून. ५डब्ल्यू-३० यांतील पहिला आंकडा तेल थंडींत किती सहज वाहतें तें सांगतो. दुसरा १०० अंश उष्णतेवर तें किती दाट राहतें तें सांगतो. उन्हाळ्यांत पारा ४२ अंशांवर जातो म्हणून दाट तेल घालावें, असें आपल्याकडे सांगणारे पुष्कळ आहेत. पण तापलेल्या एंजिनांतील तेल उन्हाळ्यांत काय आणि हिंवाळ्यांत काय, १०० अंशांच्या आसपासच असतें. आणि पुस्तिकेंतील आंकडा तेवढ्याच उष्णतेसाठीं एंजिनाच्या आंतील फटी मोजून दिलेला असतो. ज्या मोटारीस ०डब्ल्यू-२० सांगितलें आहे तिच्यापुरता तर आपला प्रश्नच मिटला, कारण इतकें पातळ व टिकाऊ तेल साध्या वंगणापासून सहसा बनत नाहीं. तेथें सिंथेटिकच घ्यावें.

याहून मोठी चूक म्हणजे ट्रॅक्टरासाठीं आणलेल्या डब्यांतील तेल मोटारींत ओतणें. घरांत तेल आहेच, मग नवें कशास, हा विचार काटकसरीचा दिसतो. परंतु १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत-६ नियमांच्या डिझेल मोटारींस धुराची गाळणी असते. तेल जळून उरणारी राख तींत सांचते व ती पुन्हां जळून जात नाहीं. म्हणून अशा मोटारीस कमी राखेचें तेल सांगितलेलें असतें. ट्रॅक्टराच्या पुष्कळ तेलांत ही राख अधिक असते. गाळणी तुंबली कीं तिच्या खर्चापुढें तेलाची बचत कोठल्या कोठें जाते.

आतां ज्या मोटारीस पुस्तिका दोन्ही तेलें चालवून घेते तिचा हिशेब. समजा, एंजिनांत साडेतीन लिटर तेल बसतें, मिश्र तेल ३५० रुपये लिटर व सिंथेटिक ६०० रुपये लिटर आहे. (आंकडे हिशेबापुरते आहेत, आपल्या दुकानाचे घालावे.) मिश्र तेलाची एक बदली १,२२५ रुपयांत होते, सिंथेटिकची २,१०० रुपयांत. पुष्कळ पेट्रोल मोटारींस १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तेव्हां तेल बदलावें असें सांगितलेलें असतें. धुळीच्या वाटा व थोड्या अंतराच्या खेपा असल्यास त्याहून लौकर. पालीच्या मोटारीची चाल हीच आहे. बीडच्या बाजारास जावयाचें, परत यावयाचें, शेतवाटेनें धूळ खावयाची, मग चार दिवस उभें राहावयाचें. अशा खेपांत तेल पुरतें तापत नाहीं. पेट्रोलाचा अंश व पाण्याची वाफ त्यांत मुरते आणि उडून जात नाहीं. हल्लींच्या पेट्रोलांत १०० भागांत २० पर्यंत इथेनॉल असतें, तेंही पाणी ओढणारें. ही घाण सिंथेटिकांतही तितकीच शिरते. तेव्हां महाग तेल घालून तें दीड वर्ष ठेवण्यापेक्षां, मिश्र तेल दर सहा महिन्यांनीं गाळणीसह बदलणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. वर्षाचे २,४५० रुपये तेलास लागतील, पण एंजिन स्वच्छ राहील.

उलट जी मोटार टर्बोची आहे, किंवा माणसें व सामान भरून वारंवार मांजरसुंब्याचा घाट चढते, तिला सिंथेटिकचा जादा खर्च वसूल होतो. टर्बोच्या दांड्यापाशीं तेल फार तापतें व साधा भाग तेथें लौकर करपतो. एकदां सिंथेटिक घातलें कीं पुन्हां मिश्र चालत नाहीं, ही भीति मात्र निराधार आहे. दर्जा व आंकडा पुस्तिकेप्रमाणें असला म्हणजे झालें.

डबा सीलबंद पाहून आपल्या समक्ष फोडावा, आणि रिकामा डबा गॅरेजांत न ठेवितां तळास भोंक पाडून मगच टाकावा, कारण नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलकें तेल भरून विकण्याचे प्रकार घडतात.